आर्थरच्या दुनियेत पोरीच्या हाती तलवार: बिघडलं काय?

रानजाई: ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरवरच्या कालच्या धाग्यावर एकाने लिहिलं, "आर्थरवरच्या नव्या फॅन्टसीत तलवारवाली पोरगी घुसवून मूळ कथेची वाट लावतात." दिवसभर डोक्यातून जाईना. कुठली मूळ कथा? इंग्रज छपाईकार कॅक्स्टनने 1485 मध्ये छापलेली, मॅलरी या लेखकाची? त्यातला आर्थरचा सरदार लान्सलॉट बाराव्या शतकात क्रेतिआं द त्र्वा या फ्रेंच कवीने मोठा केला. तो चालतो ना? मग तेराव्या शतकातलं 'सिलेन्स' हे फ्रेंच काव्य वाचा. मुलींना वारसा नाही असा राजाचा हुकूम, म्हणून आईबाप पोरीला मुलगा म्हणून वाढवतात. ती नामांकित योद्धा होते आणि जंगलात भाजलेल्या मांसाच्या वासाने मर्लिन जादूगाराला भुलवून, वर मध, दूध, दारू पाजून पकडते! ते हस्तलिखित 1911 मध्ये नॉटिंगहॅमच्या वोलटन हॉलमध्ये सापडलं, 'जुने कागद, किंमत शून्य' लिहिलेल्या पेटीत.

बखरवाचक: शेवट का गाळलात? मर्लिन तिचं बिंग फोडतो, तिला बायकी कपडे चढवतात आणि त्याच राजाशी लग्न लावतात. आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला ती जड तलवार पेलणार तरी का?

पट्टेवाली: जड? एका हाताची तलवार भरते जेमतेम सव्वा किलो. आमच्याकडे पोरी भरलेली कळशी कमरेवर घेऊन चढ चढतात. मी तीन वर्षं आखाड्यात दांडपट्टा शिकले. मनगट खोबणीत अडकलेलं, सगळा फेर खांद्यातून. पहिला महिना रात्री कुशीवर वळता यायचं नाही. गॅदरिंगला पट्टा दिला वर्गातल्या मुलाला, माझ्या हाती ओवाळणीचं ताट. त्याला एक फेर येत नव्हता, नुसता धरून उभा होता. मी त्याला ओवाळलं.

बखरवाचक: गॅदरिंगचा राग माझ्यावर काढू नका.

पट्टेवाली: मग "पेलणार का" विचारू नका!

बखरवाचक: बरं, वजनाचं चुकलं माझं. पण तो खांदा भरून येणारा महिनाच या नव्या नायिकांना नसतो. दुसऱ्या प्रकरणात तलवार हाती, तिसऱ्यात दहा जण आडवे. माझी चीड त्यावर आहे.

रानजाई: आर्थरने कुठे घाम गाळला? के या मानलेल्या भावाची तलवार मुक्कामावर राहिली म्हणून गेला, दगडातली उपसून आणली, झाला राजा.

बखरवाचक: हं. तेही खरंच. पण तो निदान भावासाठी तलवार आणायला गेला होता, त्याला राज्य नको होतं.

पट्टेवाली: मलाही राज्य नको होतं. पट्टा हवा होता.