मीठही आहे, फ्रीजही आहे, मग जंतू राहतो कसा?

मालवणची_आई
लेक लीड्सला असते, सातवा महिना चालू आहे. तिथल्या मिडवाइफने स्मोक्ड सामन थंड खायचा नाही, नीट शिजवून चालेल, असं बजावलंय. मला पटेना. तो मासा मिठात मुरवलेला, धूर दिलेला, हवा काढून पाकीटबंद, वर फ्रीजमध्ये. आमच्याकडे माळ्यावरचा खारा बांगडा पावसाळाभर खातो, कोणाला काही होत नाही. कोणी समजावून सांगेल का?

लॅबवाली
काकू, मी रत्नागिरीकडे एका फिश कंपनीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढली. मिडवाइफ बरोबर सांगतेय.

तो जंतू लिस्टेरिया. फ्रीजमध्ये बहुतेक जंतूंची वाढ थांबते, हा ४ अंशांवरही सावकाश वाढतो, शून्याच्या किंचित खालीसुद्धा. मीठ १० टक्क्यांपर्यंत सोसून वाढतो. त्या सामनमध्ये असतं ३-४ टक्के. शिवाय धूर थंडच दिलेला, साधारण ३० अंशांच्या आत, म्हणजे मासा कच्चाच.

थंडीत खोबरेल थिजतं, शेंगदाण्याचं तेल पातळ राहतं, हे आपण बघतोच. जंतूच्या आवरणातही स्निग्धाम्लं असतात. ती थिजली की आत-बाहेर काही जाईना. लिस्टेरिया गारठ्यात आवरणासाठी लवकर न थिजणारी स्निग्धाम्लं बनवायला लागतो.

मिठाचं म्हणाल तर कैरीच्या फोडींना मीठ चोळल्यावर पाणी सुटतं, तसं जंतूचंही सुटतं. ते धरून ठेवायला हा आधी पोटॅशियम आत ओढतो, मग आजूबाजूच्या अन्नातून बीटेन आणि कार्निटीन गोळा करतो. बीटेन बीटात, पालकात, शिंपल्यांत असतं, कार्निटीन मांसात. आणि तेच बीटेन त्याला थंडीतही तगवतं! मिठासाठी भरलेली कोठी गारठ्यात कामी येते. मीठ आणि फ्रीज दोन्ही मिळून वाढ मंदावते, पण पाकीट काही आठवडे पडून असतं, तेवढा वेळ त्याला पुरतो.

कोल्ड रूमच्या गटाराच्या जाळीखाली हात घालून मी स्वॅब घ्यायचे. बर्फाचं पाणी, मिठाचं पाणी, माशाचा रस, बोटं बधिर व्हायची. इतकी धुलाई होऊनही काही वेळा प्लेटवर त्या बारीक राखाडी वसाहती उगवायच्या, भोवती काळं वलय. पूर्वी तर हा जंतू शोधायला नमुना आठवडेच्या आठवडे फ्रीजमध्येच ठेवत. बाकीचे मागे पडत, हा वर येई.

तुमच्या खाऱ्या बांगड्यात मीठ गच्च, वर कडक ऊन. जंतूला वाढायला पाणीच उरत नाही. आणि तुम्ही तो भाजून नाहीतर कालवणात शिजवून खाता.

बंदरावरचा
बांगड्याबद्दल एक सांगतो. पकडल्यावर बर्फाविना राहिला तर खारवण्याआधीच त्यात हिस्टामीन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य, तयार होतं, आणि ते मिठाने, भाजण्याने, कशानेच जात नाही. मी खारवायला घेताना प्रत्येक कल्ला उचलून बघतो, लालबुंद नसेल तर घेत नाही. खाताना जीभ चुरचुरली तर तिथेच थांबा.

मालवणची_आई
पटलं. पण आता लेक म्हणते, तीन आठवड्यांपूर्वी कोणाच्या तरी घरी थंडच खाल्लाय. जीव थाऱ्यावर नाही.

लॅबवाली
काकू, बहुतेक पाकिटांत काही नसतं, एकदा खाल्लं म्हणजे झालंच असं धरू नका. पण लक्षणं दिसायला कधी कधी ७० दिवसही जातात. आईला नुसती कणकण येते आणि बाळावर बेततं, म्हणून किरकोळ तापही अंगावर काढू देऊ नका. ताप, अंगदुखी आली किंवा बाळ कमी हलतंय असं वाटलं तर लगेच मिडवाइफला फोन, आणि सामन कधी खाल्ला ते सांगायचंच. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या थंड खायच्या मांसातून हाच पसरला होता. १,०६० रुग्ण, २०० हून जास्त मृत्यू, आणि रुग्णांत नवजात बाळं फार. ते आकडे वाचले त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तिच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवायला सांगा. ५ अंशांच्या वर नको.

मालवणची_आई
आत्ताच बोलले. ताप वगैरे काही नाही, बाळ छान हलतंय, तरी मिडवाइफच्या कानावर घालून ठेवलंय. फ्रीज ८ दाखवत होता. जावयांनी बटण फिरवलं आणि उरलेलं पाकीट टाकून दिलं.