मदत हवी आहे: हरिहरेश्वर ते गणपतीपुळे, किनाऱ्याकिनाऱ्यानं, घाई न करता

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून निघतोय. ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, मग बागमांडला-वेसवी जेट्टीवरून गाडी फेरीबोटीत घालून वेळास, पुढे केळशी, आंजर्ले, दाभोळ-धोपावे फेरीनं गुहागर आणि तवसाळ-जयगड करून गणपतीपुळे. हाताशी पाच रात्री. गाडी वॅगनआर, आम्ही चौघं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे वाळूत फार चालणं नको. अंधारात गाडी चालवायची नाही, हे आधीच ठरलंय.

मुख्य ओढ कासवांची. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं अंड्यांवर झाकलेल्या टोपलीखालून निघून लाटेकडे सरपटत जातात ते बाबांना एकदा तरी दाखवायचंय. वेळासला दोन घरगुती मुक्कामांना फोन केले. दोघांचंही उत्तर तेच, "पिल्लं कधी बाहेर येतील ते आमच्या हातात नाही." खरंय म्हणा. म्हणून तिथे दोन रात्री धरल्यात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार संधी. समुद्रगरुड दिसला तर बोनस.

मॅपवर रस्ता दिसतो, पण खड्डे दिसत नाहीत. ओळखीतले गेले ते सगळे बाईकवाले, त्यांना सगळेच रस्ते 'मस्त'. हॉटेलं सुचवू नका, ती बघितलीत.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी एवढंच सांगा: वेळासहून केळशीला किनाऱ्यालगतचा रस्ता लहान गाडीला झेपेल की मंडणगडवरून वळसा घेऊ? आणि वेळासला गावातून किनाऱ्यापर्यंत आईला कितपत चालावं लागेल, की कासवं बघायला तिच्यासाठी आंजर्ले सोयीचं?