पुस्तकांविषयीची पुस्तकं : तुमचा अनुभव काय?

मंडळी, पुस्तकं वाचणारे खूप असतात, पण पुस्तकवेड्यांच्या हकिकती चवीनं वाचणारे त्यात थोडेच. मी त्यातला. पदरात काय पडतं म्हणाल तर मुख्यतः खर्च. नितीन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’ हे पुस्तकांवरच्या पुस्तकांवरचं पुस्तक. ते वाचायला घेतलं आणि शेजारी ठेवलेला कागद यादीनं भरून गेला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ती इंग्रजी पुस्तकं कुठून मिळणार? तिथे गाइडं आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे! शेवटी डेक्कनला जाऊन ऑर्डर नोंदवली. तर या जातीचं काय वाचलंत आणि त्यानं तुमचं काय झालं, ते लिहा. नुसती यादी नको, हकिकत हवी.

सदाशिव पेठ, बँकेतून निवृत्त

माझं उत्तर एकच, ‘84, चेरिंग क्रॉस रोड’. हेलन हॅन्फ ही न्यूयॉर्कची लेखिका, खिशानं बेताची. 1949 साली तिनं लंडनच्या मार्क्स अँड कंपनी या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला पत्र टाकलं आणि तिथल्या फ्रँक डोएलनं अगदी अदबीनं उत्तर धाडलं. मग हा पत्रव्यवहार वीसेक वर्षं चालू, तोच या पुस्तकात. ती चिडवते, तो सभ्यपणे पुस्तकं शोधून पाठवतो. महायुद्ध संपून गेलं तरी इंग्लंडात रेशनिंग होतं, तर ही बाई दुकानातल्या सगळ्यांसाठी खाण्याच्या वस्तूंची पार्सलं पाठवते! 1968च्या डिसेंबरात फ्रँक गेला. ती लंडनला पोचली 1971मध्ये, तोवर दुकानही बंद झालेलं.

लोकांना त्यात प्रेमकथा दिसते. मला दिसतो तो दुकानदार आणि गिऱ्हाईक. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरणाऱ्यांना हे नातं समजावून सांगायला नको. माझा तिथला विक्रेता स्वतः एक ओळ वाचत नाही, पण माझी नस त्याला पक्की ठाऊक. ‘काका, तुमचं एक आलंय’ असं म्हणाला की समजायचं, आज भाव चढणार.

विमाननगर, आयटी

अॅन फॅडिमन यांचं ‘एक्स लिब्रिस’. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर नवरा-बायको दोघांची पुस्तकं एकाच कपाटात लावायला घेतात, तो पहिला लेख वाचून मी खुर्चीत एकटीच हसत होते. बाईंचा हिशोब असा की इंग्लिश साहित्य कालानुक्रमे आणि अमेरिकन साहित्य लेखकाच्या नावाप्रमाणे. नवरा बिचारा कुठेही काहीही ठेवणारा. दोघांकडे असलेल्या पुस्तकांची एकच प्रत ठेवायची, हे तर सगळ्यात अवघड. आमच्याकडे ‘कोसला’च्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही राहणार आहेत. विषय संपला.

कर्वेनगर

माझं जरा वेगळं. सासऱ्यांची नजर मधुमेहानं गेली. आयुष्यभर नगर वाचन मंदिराचे सभासद, 1848पासूनचं ग्रंथालय म्हणून त्याचा घरच्यासारखा अभिमान बाळगणारे, आणि आता हातात पुस्तक घेऊन नुसते बसून राहायचे. मी संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. पहिले काही दिवस कर्तव्य म्हणून, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास आल्बेर्तो मांग्वेल यांचं वाचनाच्या इतिहासावरचं पुस्तक हाती आलं. हे गृहस्थ पोरवयात ब्यूनोस आयरेसच्या एका पुस्तकांच्या दुकानात काम करत होते. तिथे अंध झालेले अर्जेंटिनाचे थोर लेखक बोर्हेस येत. त्यांनी या मुलाला विचारलं, संध्याकाळी घरी येऊन वाचून दाखवशील का? मग हा वाचायचा आणि बोर्हेस मध्येच थांबवून बोलायचे.

आमचे बाबाही थांबवतात. ‘हे वाक्य परत वाच’, किंवा ‘इथे लेखक लबाडी करतोय, पुढे बघ’. आणि पुढे खरंच लबाडी निघते! मी एकटी वाचते तेव्हा पानं उरकते. त्यांच्यासाठी वाचताना स्वल्पविरामसुद्धा पाळावा लागतो. मांग्वेल वाचला नसता तरी वाचत राहिलेच असते, पण आपल्या घरात चाललंय त्याला एवढी जुनी परंपरा आहे हे कळल्यावर आवाजात जरा ऐट आली. आता ‘आज नको, दमलीस’ असं तेच म्हणतात आणि मीच हट्ट करते.

नारायण पेठ

वरच्या मंडळींची क्षमा मागून स्पष्टच लिहितो. नव्या पुस्तकाचा वास, चहाचे डाग, कपाटाचा क्रम यावर पानंच्या पानं भरणारे लेखक आपलेच लाड करत असतात, आणि वाचणारा म्हणतो, ‘अगदी माझ्यासारखं!’ मला या साऱ्यात एकच पुस्तक लागलं, रे ब्रॅडबरी यांचं ‘फॅरनहाइट 451’, 1953चं. त्यात पुस्तकं जाळणं हे सरकारी काम आहे. आणि ते लिहिलं कुठे, तर ग्रंथालयाच्याच तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट देऊन भाड्याच्या टंकयंत्रावर. जानेवारी 2004मध्ये इथल्या जुन्या पोथ्या-ग्रंथ जपणाऱ्या भांडारकर संस्थेत नासधूस झाली, तेव्हा मला ते पुन्हा काढून वाचावंसं वाटलं. पुस्तकावर किती जीव आहे हे ते धोक्यात आलं की कळतं, कपाट लावताना नाही.

पेठेतली अभ्यासिका

काका, पटलं, पण अर्धंच. मी कॉट बेसिसवर राहतो. पुस्तकं ठेवायला कॉटखालची ट्रंक, तीही अभ्यासाच्या पुस्तकांनी भरलेली. म्हणून मला दुसऱ्यांच्या कपाटांबद्दल वाचायला आवडतं. फुकटात फिरून येतो तिथे. सतीश काळसेकर यांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ ग्रंथालयातून आणली होती. 2013चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं पुस्तक, म्हणून अभ्यासिकेत उघडं ठेवलं तरी कुणी हटकत नाही, चालू घडामोडीत खपतं! रोजनिशीसारखं असल्यामुळे कुठूनही दोन पानं वाचता येतात. आज काय घेतलं, काय वाचलं, कोण भेटलं. लाड असतील तर असोत. आमच्या वाट्याला सध्या ‘वाचन’ म्हणजे नोट्स. कुणीतरी गुणांसाठी नाही तर हौसेनं वाचतंय, हे दिसलं तरी बरं वाटतं. पगार सुरू झाला की पहिलं हेच विकत घेणार.

सदाशिव पेठ, पुन्हा मीच

अभ्यासिकावाले चिरंजीव, पगाराची वाट कशाला बघतोस? बुधवारी सकाळी लवकर जुन्या बाजारात ये. भाव मी करतो. तू फक्त आवडलेल्या पुस्तकाकडे बघून चेहरा खुलवू नकोस.