आईची भाषा एक, बाबांची दुसरी: रोजचं कसं जमवता?

आई-बाबांच्या मातृभाषा वेगळ्या असतील, तर मुलाला दोन्ही भाषा नुसत्या कळाव्यात असं नाही, बोलताही याव्यात. त्यासाठी रोज काय करता? किती वेळ, कोणत्या क्रमाने, कुठे अडतं आणि का, तेवढं लिहा.

*

आधी तास मोजा. आठवडाभर कागदावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडून मुलाशी कोण कोणत्या भाषेत बोललं ते भरा. तीन वर्षांचं मूल दिवसाला १२ तास जागं धरलं तर आठवड्याचे ८४ तास. मराठी बोलणारा पालक कामाच्या पाच दिवसांत रोज दीड तास आणि सुट्टीच्या दोन दिवसांत सहा-सहा तास वाट्याला येत असेल, तर होतात साडेएकोणीस. पाव हिश्शाहूनही कमी! "आम्ही घरात मराठीच बोलतो" म्हणणाऱ्यांनी हा कागद जरूर भरावा. तास वाढवायला वेगळा 'मराठीचा वर्ग' नको. आंघोळ, कपडे घालणं, झोपतानाची गोष्ट ही रोजची कामं त्या पालकाकडे द्या. बाही वर कर, बटण लाव, उलटं झालंय, काढ पुन्हा: क्रियापदं अशीच येतात.

*

'एक पालक, एक भाषा' हा नियम जुना आहे. ज्यूल रोंजा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मुलाशी स्वतः फ्रेंच आणि आईने जर्मन बोलायचं, असं ठरवून त्याच्या नोंदी १९१३ साली छापल्या. पण नुसत्या नियमावर विसंबू नका. बेल्जियमच्या डच भाषक भागातल्या १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास पाव कुटुंबांतली मुलं घरातली दुसरी भाषा बोलतच नव्हती. डच मात्र सगळ्यांना येत होती.

आई-बाबा एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, हे सहसा कुणी मोजत नाही. तीच शाळेची भाषा असेल तर मुलाला पक्कं ठाऊक असतं की दोघांनाही ती कळते. मग दुसरी बोलायची गरजच उरत नाही.

*

मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देतं तेव्हा काय करायचं, यावर बरंच काही ठरतं. आधी थांबून "काय म्हणालीस?" विचारा. जमलं नाही तर अंदाज सांगा: "पाणी हवंय का?" तरीही नाही, तर तिचंच वाक्य आपल्या भाषेत म्हणून बोलणं पुढे न्या. आपणही तिच्या भाषेत शिरलो की त्या दिवशी परत येणं अवघड. मूल मोठं झालं की "मला कळत नाही" हे नाटक चालत नाही, त्याला सगळं माहीत असतं. तेव्हा शब्द पुरवणं बरं. आणि मूल रडत असेल, आजारी असेल, तर हे काहीही करू नका. जवळ घ्या, भाषा कोणतीही असो.

*

जोडीदाराला भाषा कळत नसेल तर प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नका. मूल पहिलं वाक्य सोडून दुसऱ्याची वाट बघायला लागतं. त्याऐवजी जोडीदाराने कपडे, अवयव, वेळ, आज्ञा असे रोजचे दोन-तीनशे शब्द ऐकून ओळखायला शिकावं. बोलता आलं नाही तरी चालतं.

*

मराठीपुरतं सांगते. कन्नडसोबत वाढणारी मुलं "मी पुस्तक वाचलो" म्हणतात, कारण कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. मराठीत इथे ते कर्माप्रमाणे बदलतं: "मी पुस्तक वाचलं". "चूक" म्हणू नका. "हो? कोणतं पुस्तक वाचलंस?" एवढं पुरतं, फक्त दरवेळी करायला हवं. हिंदीसोबत फसवे शब्द त्रास देतात. 'शिक्षा' हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. "डबा खाली आहे" म्हणजे रिकामा की जमिनीवर? असे शब्द भेटतील तसे एका वहीत लिहून ठेवा, मुलांना तो खेळ वाटतो.

आकड्यांकडे विशेष लक्ष द्या. 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतो आणि साठ मागून, म्हणून इंग्रजीत मोजणारं मूल ३६ लिहितं. गणितात कच्चं आहे असं समजून पालक घाबरतात. पाढ्यांनी सुरुवात करू नका. पुस्तकाचं पान शोधायला सांगा: "त्रेसष्ट, म्हणजे साठ आणि तीन." काही आठवडे रोज चार-पाच आकडे.

*

आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल "कसा आहेस, जेवलास का" यावर दोन मिनिटांत संपतो. काहीतरी काम द्या: आजीने रुमालाखाली वस्तू लपवायची, नातवाने प्रश्न विचारून ओळखायची. उच्चारांवर हसू नका, हे मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. एकदा हसलं की मूल त्या भाषेत बोलायचं बंद करतं, आणि त्याला पुन्हा बोलतं करायला फार दिवस लागतात.

*

दोन वर्षांच्या मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एकाच भाषेतले मोजले तर ते उगाच मागे वाटतं. खरी वाचिक अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. वाचातज्ज्ञांकडे जाताना घरातल्या सगळ्या भाषा आणि वर सांगितलेला तासांचा कागद दाखवा. "एक भाषा सोडा" असा सल्ला मिळाला तर कारण विचारा आणि दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या, कारण दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही.