शब्दचर्चा : 'लीगल अँड ज्युडिशियल रिफॉर्म' म्हणजे सुधारणा, उभारणी की घडी बसवणं?

जळगावहून :

नमस्कार मंडळी. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहिते आहे. विषय असा की, युद्धातून किंवा जुन्या राजवटीतून बाहेर पडलेल्या देशांचे कायदे आणि न्यायालयं मार्गी लावायला बाहेरचे देश काय करतात. मुख्य उदाहरण कंबोडियाचं. 1975 ते 1979 या काळात, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत, तिथली न्यायालयं बंद पडली, न्यायाधीश-वकील मारले गेले किंवा परागंदा झाले. 1999 पासून जपानने दिवाणी कायदा लिहायला हात दिला. दिवाणी प्रक्रिया संहिता 2006 मध्ये आली, दिवाणी संहिता 2007 मध्ये, आणि ती लागू व्हायला 2011 चा डिसेंबर उजाडला.

आता अडचण. इंग्रजी मथळ्याचं सरकारी मराठी होतं 'विधी व न्यायविषयक सुधारणांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य'. वाचता वाचता धाप लागते. त्यात आमची बरीच मुलं रावेर-यावल-चोपड्याकडची. घरी 'विधी' म्हटलं की दहावं-तेरावं. विधी, सुधारणा, सहकार्य, तिन्ही शब्दांवर मतं हवीत.

धुळ्याहून :

ताई, वकिली करतो म्हणून आधी 'विधी'बद्दल. हा शब्द पाटीवरचा आहे, तोंडातला नाही. विधी व न्याय विभाग, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, विधी महाविद्यालय. त्या महाविद्यालयात शिकणारा पोरगाही 'लॉ करतोय' असंच सांगतो. कोर्टाच्या आवारात दावा, फिर्याद, वकीलपत्र, तहकुबी, हुकूमनामा, मुखत्यारपत्र हे सगळं अरबी-फारसीतून आलेलं नाणं अजून खणखणीत चालतं. 1960 नंतर भाषा संचालनालयाने परिभाषा घडवली तेव्हा जोडशब्द सोपे जावेत म्हणून संस्कृत शब्द उचलले, आणि ते कारण खरंही आहे. 'विधिज्ञ'च्या जागी 'कायदाज्ञ' लावून बघा, जीभ अडखळते. पण सुट्टा शब्द हवा असेल तिथे 'कायदा'च लिहा. 1998 च्या अधिसूचनेपासून खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे; पक्षकाराला कळेल तेच मराठी तिथे खरं.

शुद्धलेखनाचं एक : सुट्टा 'विधी' दीर्घ, समासात ऱ्हस्व : विधिमंडळ, विधिसाहाय्य.

शहाद्याहून :

वकीलसाहेब, 'दावा' खणखणीत आहे खरा, पण आमच्या सातपुड्यात त्याने घोळ घातलाय. 2006 च्या वनहक्क कायद्यात जो अर्ज करायचा त्याला मराठीत 'दावा' म्हटलं. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या माणसाच्या लेखी दावा म्हणजे कोणाशी तरी भांडण. मग पहिला प्रश्न येतो, "कोनावर दावा?" त्याला सांगावं लागतं की बाबा, कोणावर नाही. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन मी कसतोय, एवढं ग्रामसभेपुढे मांडायचं. तिथून कागद उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. 'मागणी' किंवा 'हक्काचा अर्ज' म्हटलं असतं तर अर्धा वेळ वाचला असता.

ताई, कंबोडियाचा 2001 चा भूमी कायदाही टिपणात घ्या. आशियाई विकास बँकेच्या मदतीने झालेला. त्यात आदिवासी समूहांची सामूहिक मालकी मान्य केलेली आहे, म्हणजे आपल्या सामूहिक वनहक्काच्या जवळ जाणारी गोष्ट, आणि आपल्या कायद्याच्या पाच वर्षं आधी. नंदुरबारच्या मुलाला दिवाणी संहितेपेक्षा हे चटकन पोचेल.

पुण्याहून (मूळ अमळनेर) :

जपानी भाषांतराचं काम करते, म्हणून 'सुधारणा'बद्दल. या कामाला जपानीत 'होसेइबि शिएन' म्हणतात. 'हो' म्हणजे कायदा. 'शिएन' म्हणजे पाठबळ, हातभार. मधला 'सेइबि' महत्त्वाचा : नीट लावणं, सज्ज ठेवणं. रस्त्यांची देखभाल, गाडीची तपासणी-दुरुस्ती यांनाही हाच शब्द. सुधारणेला जपानीत वेगळा शब्द आहे, 'काइकाकु', आणि तो इथे मुद्दाम नाही, असं मला वाटतं. 'सुधारणा' म्हटलं की तुमचं काहीतरी बिघडलंय आणि शहाणे आम्ही, असा सूर लागतो. मराठीत 'सेइबि'ला हुबेहूब बसणारा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच : घडी बसवणं. 'कायद्याची घडी बसवायला हातभार'. मथळ्यात थोडं घरगुती वाटेल, पण अर्थ चोख.

जपानने हा सूर का टाळला त्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ते स्वतःच बाहेरून कायदा घेणारे होते. 1873 मध्ये ब्वासोनाद नावाचा फ्रेंच कायदेपंडित टोकियोला आला आणि वीसेक वर्षं राहिला. त्याच्या मसुद्यावर आधारलेली दिवाणी संहिता 1890 मध्ये जाहीर झाली, पण ती आपल्या कुटुंबरीतीला धरून नाही म्हणून एवढा गदारोळ झाला की लागूच झाली नाही. नंतर जपानी पंडितांनी नवी लिहिली, ती 1898 पासून लागू. म्हणजे आयता कायदा अंगाला बसत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. कंबोडियात म्हणूनच तयार मसुदा हातात ठेवला नाही. दोन्हीकडचे लोक एकत्र बसून एकेका कलमाला ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेतले, शब्द शोधत होते. संहितेला वर्षं लागली ती बरीचशी याच कामात.

जळगावहून :

'घडी बसवणं' आवडलं. पण ताई, घडी बसवायला आधी वस्त्र लागतं ना? कंबोडियात वस्त्रच उरलं नव्हतं.

धुळ्याहून :

बरोबर, तिथे 'उभारणी'. मला वाटतं सगळ्या देशांना एक शब्द लावायचा हट्टच सोडा. कंबोडियात उभारणी. व्हिएतनाममध्ये न्यायालयं होती, कायदेही होते, पण 1986 च्या 'दोइ मोइ' या आर्थिक फेरबदलानंतर सरकारी अर्थव्यवस्थेतून बाजाराकडे जाताना करार, मालकी, दिवाळखोरी यांचे नियम नव्याने लागले. 1996 पासून जपान तिथेही आहे. त्याला 'फेररचना' म्हणा. नेपाळात तिसरीच तऱ्हा. तिथे 1854 पासून मुलुकी ऐन, म्हणजे देशाचा कायदा, होता; 1963 मध्ये तो नव्याने केला, तरी सगळं एकाच पोतडीत. 2017 मध्ये त्याचे दिवाणी-फौजदारी असे भाग करून स्वतंत्र संहिता केल्या, ऑगस्ट 2018 पासून लागू. दिवाणी संहितेच्या मसुद्याला तिथेही जपानची मदत होती. याला फार तर 'संहिताकरण' म्हणता येईल. नेपाळीत तिचं नाव 'मुलुकी देवानी संहिता'. बघा, आपली दिवाणी काठमांडूलाही दिवाणीच.

आणि न्यायालयांच्या बाबतीत 'न्यायसुधारणा' अजिबात लिहू नका. न्याय सुधारत नाही, न्यायदान सुधारतं. माझ्या एका पक्षकाराचा वाटणीचा दावा बापाच्या हयातीत दाखल झालेला, आता नातू तारखेला येतो. त्याला मी कौतुकाने ई-कोर्टचं सांगत होतो, तारीख मोबाइलवर दिसते म्हणून. तो म्हणाला, "आप्पा, आम्हले तारीख नही, निकाल जोयजे." न्यायदान सुधारणेची याहून नेमकी व्याख्या मला कोशात सापडलेली नाही.

शहाद्याहून :

'सहकार्य' राहिलं. आमच्याकडे 'सहकार' म्हणजे साखर कारखाना, सूतगिरणी आणि विकास सोसायटी. 'आंतरराष्ट्रीय सहकार' लिहिलंत तर पोरं चेअरमन कोण विचारतील. 'सहकार्य' त्यातल्या त्यात बरं, पण तेही मला पटत नाही. पैसा एकाचा, तज्ज्ञ त्याचाच, अहवालही तोच लिहिणार. याला साहाय्य म्हणावं. सहकार्य हा शिष्टाचाराचा शब्द झाला.

धुळ्याहून :

भाऊ, सरसकट नाही. कंबोडियाचंच दुसरं उदाहरण घ्या. ख्मेर रूजच्या पुढाऱ्यांवर खटले चालवायला संयुक्त राष्ट्रांशी 2003 मध्ये करार झाला आणि 2006 पासून 2022 पर्यंत विशेष न्यायपीठं चालली. बहुमत कंबोडियन न्यायाधीशांचं, पण निदान एका परदेशी न्यायाधीशाचं मत मिळाल्याशिवाय निकाल होत नसे. एकमेकांवाचून गाडं पुढे सरकणार नाही अशी बांधणी. याला सहकार्यच म्हणायचं, मग ते किती कटकटीचं का असेना. दिवाणी संहितेला मात्र 'साहाय्य' किंवा 'हातभार'.

साहाय्य देणारे अनेक झाले की काय होतं तेही लिहा. कंबोडियात फौजदारी संहितेचं काम फ्रान्सच्या मदतीने, दिवाणी जपानच्या, भूमी कायदा आशियाई बँकेच्या. भूमी कायदा 2001 चा, दिवाणी संहिता नंतरची, आणि मालकीचे नियम दोन्हीकडे. मग दोन्हींचा मेळ घालत बसा. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण जणू अशा देशांसाठीच आहे.

पुण्याहून (मूळ अमळनेर) :

पूर्व तिमोरचंही घ्या. 2002 मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्यांनी पोर्तुगीज आणि तेतुम या दोन राजभाषा ठरवल्या. कायदे लिहिले गेले पोर्तुगीजमध्ये, न्यायाधीश पोर्तुगीज भाषिक देशांतून आले, आणि पक्षकार बोलतो तेतुम किंवा आणखी एखादी बोली. 2014 मध्ये तिथल्या सरकारने परदेशी न्यायाधीशांना एकदम घरीच पाठवलं. राजकारण होतंच त्यात. पण ज्या कोर्टाचं बोलणं लोकांना दुभाष्यावाचून कळत नाही, त्याच्या बाजूने रस्त्यावर कोण उतरणार?

जळगावहून :

ही भाषेची बाब मुलांना नीट पोचेल. अहिराणीत जबानी द्यायची आणि ती प्रमाण मराठीत उतरायची, हे आपल्याकडेही चालतंच. बाहेरून आलेला कायदाही आपल्याला नवा नाही. 1818 मध्ये पेशवाई गेली, खानदेश इंग्रजांकडे आला. इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनला सुरुवातीला पंचायती चालू ठेवायच्या होत्या, पुढे 1827 चे रेग्युलेशन्स, म्हणजे मुंबई सरकारचे लेखी कायदे, आले आणि पंचायती मागे पडल्या. अर्थात तिथे हातभार-सहकार्य असं काही नव्हतं, सत्ता होती. तेवढा फरक टिपणात ठळक करते.

ख्मेर शब्द कोणते निवडले याची काही उदाहरणं मिळतील का?

पुण्याहून (मूळ अमळनेर) :

बरेचसे आपल्या ओळखीचे निघतील, कारण तिथली परिभाषाही संस्कृत-पालीतून येते, आणि हे शब्द संहितेच्या आधीपासूनचे आहेत. हक्क म्हणजे 'सित्थी', आपली सिद्धी. न्याय म्हणजे 'युत्तिथोर', युक्ती अधिक धर्म. कायद्याचं राज्य म्हणजे 'नीति' आणि 'राष्ट्र' यांचा जोडशब्द. आणि न्यायालयाला शब्द आहे 'तोलाका', लिहिताना चक्क 'तुलाकार'.

धुळ्याहून :

तुलाकार! सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आली, डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, तराजू तेवढा राहिला. मुलांना हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.

शहाद्याहून :

आणि 'सिद्धी'वरून परत गोंधळ होणार. आमच्याकडे सिद्धी बुवा-भगताला असते, हक्क सातबाऱ्यावर लागतो.

जळगावहून :

मथळा सध्या असा ठेवते : 'कायदा आणि न्यायदानाची घडी : बाहेरच्या देशांचा हातभार'. आत कंबोडियाला उभारणी, व्हिएतनामला फेररचना, नेपाळला संहिताकरण. खटल्यांच्या भागात सहकार्य, बाकी सगळीकडे साहाय्य. 'विधी' फक्त संस्थांच्या नावांत.

धुळ्याहून :

चालेल. फक्त छापायला देण्याआधी एकदा बघून घ्या, 'साहाय्य' लिहिलंय की 'सहाय्य'. 'सहाय' म्हणजे मदत करणारा, त्याचं भाववाचक 'साहाय्य', म्हणून पहिला सा काना असलेलाच. सरकारी पाट्यांवर निम्म्या ठिकाणी उलटं आहे आणि मुलं तिथूनच उचलतात.