मदत हवी आहे : नाताळच्या गोठ्यापुढे नाचणी कधी पेरायची? (आणि वाघाचं काय करायचं?)

साताऱ्याची_मोगरा – २७ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि येत्या रविवारपासून आगमनकाळ (नाताळाआधीचे तयारीचे आठवडे), म्हणजे घरात दोन्हीकडची गडबड. मी साताऱ्याची, सासर वसईचं कॅथलिक. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नाताळ दर वर्षी सासूबाईंच्या वाडीतल्या घरी असायचा. तिथे माझं काम ठरलेलं : स्टुलावर चढून पताका लावणं आणि नेवऱ्या तळताना मधे मधे न बोलणं. यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या आमच्या फ्लॅटवर आल्यात आणि गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, आमच्या हॉलमध्ये मी करायचा असं ठरलंय. ठरलंय म्हणजे त्यांनी ठरवलंय.

पहिली अडचण हिरवळीची. वाडीत त्या बावखलाच्या (वाडीतल्या तळ्याच्या) काठची माती टोपलीत आणायच्या, त्यात नाचणी पेरायच्या, आणि चोवीस तारखेला गोठ्यापुढे बोटभर हिरवं शेत उभं असायचं. कधी पेरता विचारलं तर म्हणाल्या, "थंडी बघून." आता थंडी बघून म्हणजे नक्की कधी? माझा पेरणीचा अनुभव एवढाच, की माहेरी घटाला धान पेरायचो आणि दिवाळीत किल्ल्यावर अळीव टाकायचो. घटातलं धान पिवळं यायचं, ते तिथे शोभतं. गोठ्यापुढे पिवळं शेत चालणार नाही, हे मला आधीच सांगण्यात आलंय. हॉलमध्ये ऊन अजिबात येत नाही, बाल्कनीत सकाळी दोनेक तास येतं.

दुसरी अडचण मूर्तींची. सासूबाईंचा संच प्लास्टरचा, निदान तीन वेगवेगळ्या खरेद्यांतून जमलेला. मरिया आणि योसेफ वीतभर, मेंढपाळ त्यांच्या कमरेला लागतो आणि एक मेंढी बरोब्बर मेंढपाळाएवढी. गाढवाचा पुढचा पाय आगपेटीच्या काडीचा आहे, त्यावर फेव्हिकॉल आणि वरून राखाडी नेलपॉलिश. हे कुणी केलं ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. राजे दोनच. तिसरा मांजराने पाडला, त्याचा उंट तेवढा उरलाय. बाळ येशू रुमालात गुंडाळून कपाटात असतो, चोवीसची मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही.

नवऱ्याने गेल्या आठवड्यात ऑनलाइन नवा संच मागवला. अकरा मूर्ती, सगळ्या मापात, सगळ्या फिकट बदामी. दिसतो छान, खोटं कशाला बोलू. सासूबाईंनी खोका उघडला, मेंढी उचलून पोटाखाली पाहिलं, परत ठेवली आणि "बरा आहे" म्हणाल्या. या "बरा आहे"चा अर्थ इथल्या सुनांना मी सांगायला नको.

एकूणच नवऱ्याला सजावट एका रंगात लागते. पांढरी, न लुकलुकणारी माळ आणि झाडावर सोनेरी गोळे, बास. सासूबाईंच्या मते न लुकलुकणारी माळ म्हणजे बिघडलेली माळ. मला स्वतःला आमच्या आकाशकंदिलासारखी कामट्यांची, पतंगाच्या कागदाची मोठी चांदणी आवडते, पण मला कुणी विचारलेलं नाही.

राहता राहिली लेक, वय वर्षं सात. तिने दिवाळीच्या किल्ल्यावरचे चार मावळे, एक भाजीवाली आणि एक वाघ गोठ्यासाठी वेगळे काढून ठेवलेत. मावळे मेंढ्या राखणार आहेत म्हणे. आजीने भाजीवालीला परवानगी दिली. वाघाबद्दल बोलणी चालू आहेत.

तर नाचणी कधी आणि कशात पेरू? दोन संच एकत्र मांडले तर फारच विचित्र दिसेल का? आणि नर्सरीत "ख्रिसमस ट्री" म्हणून कुंडीत विकतात ते घ्यावं का? जाणकारांनी कृपया सांगा, पेरणी चुकली तर मला पुढच्या नाताळपर्यंत ऐकावं लागेल.

केळीचा_लोंगर – २८ नोव्हेंबर

सासूबाई बरोबर सांगतायत. थंडी पडली की नाचणी रेंगाळते. आम्ही बारा-तेरा डिसेंबरला पेरतो, गारठा जास्त वाटला तर दहालाच. खोल कुंडी नको. मिठाईच्या खोक्याचं प्लास्टिकचं झाकण किंवा जुनी ॲल्युमिनियमची परात घ्या, दोन बोटं माती पुरे. नाचणी रात्रभर भिजवा, निथळून कोरड्या वाळूत कालवा आणि मग भुरभुरवा. वाळू नसेल तर दाणे एका जागी पडतात आणि शेताऐवजी दाढीचे खुंट दिसतात. वर चिमटी-चिमटीने माती. पाणी तांब्याने ओतू नका, हाताने शिंपडा.

पहिले दोन-तीन दिवस ओलं फडकं झाकून ठेवा. मोड दिसले की लगेच फडकं काढून बाल्कनीत. इथेच सगळे चुकतात. घटाचं धान पिवळं येतं ते घरात अंधारात वाढतं म्हणून, बियाण्याचा दोष नसतो. परात रोज अर्धी फिरवायची, नाहीतर सगळं शेत रस्त्याकडे वाकून बघत राहतं. तेवीसला रात्री आत आणा.

भरवसा वाटत नसेल तर एका ताटलीत पंधरा तारखेला गहू पेरून ठेवा, ते आठ-नऊ दिवसांत चांगले वर येतात. आणि अगदीच फजिती झाली तर तुमचं किल्ल्याचं अळीव आहेच, अठराला ओल्या कापसावर टाकलं तरी चालतं. अळीव मातीत पुरू नका, ते बुळबुळीत होऊन चिकटतं तिथेच रुजतं.

कुंडीत_जंगल – २८ नोव्हेंबर

नर्सरीतलं ते झाड म्हणजे अरोकेरिया. मूळचं ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटाचं, युरोपातल्या फर झाडाशी त्याचा काही संबंध नाही. घ्या, पण दोन अटींवर. फांद्या मऊ असतात, काचेचे जड गोळे लावले की मान टाकतात. कागदाच्या चांदण्या, लोकरीचे गोंडे एवढंच लावा. आणि तुमच्या बिनउन्हाच्या हॉलमध्ये महिनाभर ठेवलंत तर खालच्या फांद्या सुकतील, त्या पुन्हा फुटत नाहीत. वीस तारखेला आत आणा, नाताळ संपला की बाल्कनीत.

केळीचा_लोंगर – २८ नोव्हेंबर

आमच्या लहानपणी सुरूची फांदी असायची. पत्र्याच्या डब्यात वाळू, डब्याला चमकीचा कागद. चार दिवसांत घरभर सुया. आता किनाऱ्यावरच्या बनातली फांदी तोडायला जाऊ नका, वनखात्याची झाडं आहेत ती. कुणाच्या वाडीत असेल तर मागून आणा.

ताळेबंद – २९ नोव्हेंबर

मापावरून भांडण असेल तर नवऱ्याला शुभवर्तमान वाचायला द्या. राजे तीन होते असं मत्तय कुठेही लिहीत नाही. तो त्यांना राजेही म्हणत नाही, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक म्हणतो. भेटी तीन, सोनं, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसं तीन झाली. म्हणजे तुमचे दोन राजे बिनचूक आहेत. बैल आणि गाढवही लूकच्या शुभवर्तमानातल्या गोष्टीत नाहीत. गव्हाण आहे, मेंढपाळ आहेत. बैल-गाढव आले ते बायबलच्या जुन्या करारातल्या यशया १:३ वरून, "बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण" या ओळीवरून. काडीच्या पायाचं गाढव परंपरेने आलंय, तसं मावळ्यांनाही येऊ द्या.

संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी गोठा केला, त्यात गवत, खराखुरा बैल आणि खरं गाढव होतं. मॅचिंग संच नव्हता.

पणजीकर – २९ नोव्हेंबर

रिकामा उंट टाकू नका. आमच्याकडे राजे पहिल्या दिवशी गोठ्यात नसतातच. ते फ्रिजवरून निघतात, रोज वीतभर पुढे. टीव्हीपाशी दोन दिवस मुक्काम, आणि तीन राजांच्या सणाला गोठ्यात पोचतात. तुमच्या मुलीला हे काम द्या. पूर्वी हा सण ६ जानेवारीलाच, आता भारतात रविवारी करतात, म्हणजे यंदा ४ जानेवारीला. तोवर गोठा मोडायचा नाही. सव्वीस तारखेला झाड घडी करून माळ्यावर टाकणारे लोक मला समजलेलेच नाहीत.

इटलीची_पाहुणी – ३० नोव्हेंबर

भाजीवालीला माझंही मत! नेपल्सला सान ग्रेगोरिओ आर्मेनो म्हणून गल्ली आहे, तिथे वर्षभर गोठ्याच्याच मूर्ती विकतात. मासेवाला, पाववाला, पिझ्झा भाजणारा, सगळे येशूच्या जन्माला हजर. वाघ मात्र मला दिसला नाही.

साताऱ्याची_मोगरा – १४ डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाचणी परवा पेरली, गहू उद्या. माती शेवटी दिराने बावखलाच्या काठचीच आणून दिली, कारण नर्सरीतली पिशवी पाहून सासूबाई "बरा आहे" म्हणणार असं दिसायला लागलं होतं.

ताळेबंद यांचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी जुना संच स्वतः पुसायला बसला. नवा झाडाखाली, जुना गोठ्यात. माळ खिडकीत लुकलुकणारी, झाडावर स्थिर. राजे फ्रिजवर चढले आहेत, उंट मागे.

साताऱ्याची_मोगरा – २६ डिसेंबर

शेत आलं! नाचणी बोटभर, हिरवी, एका कोपऱ्यात थोडी विरळ. तिथे मी माती चिमटीने न घालता मुठीने घातली होती, माझीच चूक. सासूबाईंनी खुर्चीत बसूनच हात फिरवून पाहिला आणि त्या विरळ जागी भाजीवालीला बसवलं. वाघ झाडामागे आहे. सकाळी उठावं तर गोठ्याच्या दोन बोटं जवळ आलेला असतो. पणजीकर, राजांची आयडिया त्यालाही कुणीतरी लावलेली दिसते.

आता नवीन प्रश्न. हे शेत ४ जानेवारीपर्यंत टिकवायचं कसं? टोकं आजच पिवळी पडायला लागलीत. कात्रीने वरून कापलं तर पुन्हा वाढेल का, की गहू पुढे सरकवू?