मदत हवी आहे: विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला अपक्ष उभी राहतेय, पण हिंदी बोलताना जीभ अडखळते

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातली. सध्या दिल्लीत जेएनयूमध्ये भाषाविज्ञानात एमए करतेय, दुसरं वर्ष. राहायला कोयना होस्टेल मिळालं, तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे घरीच आहेस की." (इथल्या होस्टेलांना नद्यांची नावं आहेत, त्यात मुलींचं एक कोयना.)

तर विषय असा. प्रत्येक स्कूलमधून विद्यार्थी संघावर कौन्सिलर निवडून जातात. अध्यक्ष, उपाध्यक्ष वगैरे वरची चार पदं टीव्हीवर दिसतात, त्यातलं मला काही नको. कौन्सिलरला उभं राहायचंय, तेही अपक्ष, आणि मागणी एकच. मराठी, ओडिया, तेलुगू, हिंदी माध्यमातून शिकून आलेल्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला टर्म पेपर इंग्रजीत कसा लिहायचा, हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं. मी माझा पहिला पेपर आधी मराठीत लिहिला आणि मग इंग्रजीत नेला. अठरा पानांना अकरा दिवस लागले.

पहिली अडचण हिंदीची. खोलीत भाषणाची तालीम केली. "हमें इंग्लिश की मदद की गरज है" असं ठणकावून म्हटलं. रूममेट उत्तर प्रदेशातल्या बलियाची. ती गादीवर आडवी होऊन हसली आणि म्हणाली, "गरज तो बादल रहे हैं, तुम्हें ज़रूरत है." एवढं ऐकल्यावर पुढचं भाषण आठवेना.

दुसरी अडचण प्रश्नांची. जीबीएममध्ये, म्हणजे स्कूलच्या सर्वसाधारण सभेत, भाषण संपलं की कुणीही उठून काहीही विचारतं. मागच्या वेळी मी शेवटच्या रांगेत बसले होते. एक उमेदवार रीडिंग रूमबद्दल बोलला. त्याला पहिला प्रश्न आला पॅलेस्टाईनचा, दुसरा आरक्षणाचा. तो म्हणाला, "मैं सिर्फ़ छात्रों के मुद्दों पर बोलूँगा." सगळी सभा त्याला हसली. माझी मतं आहेत, पण ती उभ्या उभ्या, परक्या भाषेत, दीड मिनिटात?

तिसरी अडचण मामांची. ते कराडला एकदा नगरसेवक होते. पाच हजार रुपये पाठवतो म्हणतात आणि फ्लेक्सचं डिझाइनही करून ठेवलंय, वर "युवा नेतृत्व" असं. आई लाडू पाठवतेय, "मतदानाला येतील त्या पोरींना दे" म्हणून.

अर्ज भरायला चार दिवस आहेत. काय करू?

जुना पूर्वांचली:

आधी मामांना आवर. सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 ला विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. मी तिथे असताना, 2008 साली, त्याच नियमांवरून आमच्या निवडणुकीला स्थगिती आली. पुढची निवडणूक थेट मार्च 2012 मध्ये झाली. त्यामुळे आमच्या बॅचला ते कलम-पोटकलम अजून पाठ आहे.

एका उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाच हजार. पण ते पैसे विद्यार्थ्यांनी स्वखुशीने दिलेल्या वर्गणीतून यायला हवेत. मामा विद्यार्थी नाहीत, त्यात माजी नगरसेवक, म्हणजे विषय संपला. छापील पोस्टर, छापील पत्रक काहीही चालत नाही, फक्त हाताने केलेली पोस्टरं, तीही ठरवून दिलेल्या जागीच. फ्लेक्सचं नावही काढू नकोस. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा असतो, म्हणून स्केचपेनची पावतीसुद्धा डब्यात टाकत जा.

लाडूंचं म्हणशील तर मतदानाच्या दिवशी उमेदवाराने पाण्याशिवाय काहीही वाटायचं नाही, असं स्पष्ट लिहिलंय. आईला सांग, निकालानंतर पाठव.

आता तू न विचारलेलं. हजेरी किमान 75 टक्के हवी, त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको, आणि एमएला वयाची अट 25 च्या आसपास आहे. कार्यकारिणी सदस्यपदासाठी (कौन्सिलर त्यातच आला) संधी दोनच मिळतात, आणि पडलीस तरी त्यातली एक वापरली गेली. हजेरी आणि राहिलेल्या विषयांचं अर्ज भरायच्या आधीच तपासून घे. आमच्या वेळी एका मुलाची पोस्टरं रंगवून वाळत घातली होती आणि छाननीत त्याचा अर्जच उडाला.

शेंगदाणा:

लाडू कसले आहेत? माझ्या नावावरून विचारतोय.

मास्तर:

मुली, तुझं कौतुक वाटलं. आपल्याकडे 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि मार्कांवर वर्गप्रतिनिधी नेमायची पद्धत आली. 2016 च्या कायद्याने त्या कागदावर परत आल्या. 2019 ला वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकललं गेलं आणि मग कोरोना. मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा पिता पिता जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, ठरलेला पाहिलाय. हुशार, शांत मुलगा, वर्षभरात एकही पत्र त्याने कुणाला लिहिलं नाही. तेव्हा उभ्या उभ्या प्रश्नांना उत्तर द्यायची सवय तुला नाही, यात तुझा काही दोष नाही. पूर्वीच्या निवडणुकांत हाणामाऱ्याही होत, तेही खरं.

डफली:

मास्तर, इतिहास पुरे, तिच्याकडे चारच दिवस आहेत :)

कोयनाकाठ, मी तिथे कौन्सिलरला एकदा पडलेय, एकदा निवडून आलेय. पहिल्यांदा अपक्ष होते. अपक्ष असल्याचा खरा त्रास भाषणात होत नाही, तो रात्री दोन वाजता होतो. संघटनेच्या उमेदवाराकडे पोस्टर लावायला, मेसमध्ये जेवणाच्या वेळी पर्चे द्यायला, मोजणीला बसायला माणसं असतात. तुझ्याकडे रूममेट आहे. तेव्हा आजच सहा जणी पक्क्या कर. सहा नसतील तर यंदा राहू दे, मी स्पष्टच सांगते.

प्रश्नांचं. तो मुलगा मत दिलं म्हणून नाही, टाळलं म्हणून हसला गेला. अपक्ष म्हणजे मत नसलेली, असं तिथे कुणी मानत नाही. आरक्षणावर तुझं मत दोन वाक्यांत लिहून काढ, पॅलेस्टाईनवर दोन, फीवाढीवर दोन. आधी मराठीतच लिही. मराठीत दोन वाक्यांत बसत नसेल तर तुझं मत अजून ठरलेलं नाही, हिंदीचा त्यात संबंध नाही. समोरच्याला ते पटलं नाही तरी चालतं. माझ्या दुसऱ्या वेळी एकाने मला पुन्हा पुन्हा छेडलं, मी तेच वाक्य तिसऱ्यांदा शांतपणे म्हटलं, तो बसला.

आणि तुझी मागणी काय आहे, बघ जरा. भाषेपायी मागे पडणाऱ्यांना मदत. मग "गरज" हा शब्द भाषणात तसाच ठेव. बादलवाला विनोद तूच आधी सांग, आणि मग अठरा पानं, अकरा दिवस. सफाईदार हिंदीत ही मागणी कुणी केली, तर मला तरी खरी वाटणार नाही.

रूम-टू-रूमला, म्हणजे खोलोखोली जाऊन केलेल्या प्रचाराला, कमी लेखू नकोस. वही घेऊन जा, समोरची काय म्हणाली ते तिच्यासमोर लिही. केरळच्या, मणिपूरच्या मुलींच्या खोल्यांत तुझं हिंदी कुणी तपासणार नाही, त्यांचंही तसंच असतं.

कोयनाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. डफलीताई, सहा नाही, पाच जमल्या. सहावी म्हणतेय, पोस्टरं रंगवते पण घोषणा देणार नाही, तिला धरलंय. हजेरी तपासली, 81 टक्के आहे. विषय कुठलाच राहिलेला नाही. आरक्षण आणि फीवाढ दोन-दोन वाक्यांत बसले. पॅलेस्टाईन अजून चार वाक्यांवर आहे, आज रात्री पुन्हा बसते. अर्ज उद्या भरतेय.

शेंगदाणा, लाडू डिंकाचे आहेत. सॉरी.

पूर्वांचली दादा, एक शेवटचं. मामांना सगळं समजावलं, पैसे परत केले. पण फ्लेक्स छापून झाला होता, तर त्यांनी तो कराडला रिक्षा स्टॉपवर लावलाच. माझा दहावीतला दोन वेण्यांचा फोटो आहे त्यावर. दीड हजार किलोमीटरवरच्या फ्लेक्सला आचारसंहिता लागू होते का?